चालताना मीटिंगमध्ये आवाज तुटतो? रेंजला दोष देण्याआधी हे तपासा

अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांची संध्याकाळ म्हणजे कॉलची वेळ. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ-साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहा-सात झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाने मागे गेली की तोच कॉल साडेसात-आठवर सरकतो. फिरायला जायचीही नेमकी हीच वेळ, म्हणून कानात इअरबड अडकवून सोसायटीच्या आवारात, जॉगिंग ट्रॅकवर, नाहीतर टेकडीवर चालत मीटिंग उरकणारी मंडळी आता सगळीकडे दिसतात. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "हॅलो, आवाज येतोय का? आता येतोय?"

मग सिम बदललं जातं, नवे इअरबड घेतले जातात, महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच. कारण "आवाज तुटतो" हे एका बिघाडाचं नाव नाही. चार-पाच वेगवेगळे बिघाड आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. माझ्या अनुभवात खरी रेंजची अडचण यादीत बरीच खाली येते.

आवाज कसा बिघडतो ते आधी विचारा

पुढच्या वेळी कोणी "तुझा आवाज तुटतोय रे" म्हणालं की त्याला लगेच विचारा, "म्हणजे नेमका कसा येतोय?"

रोबोटसारखा येतोय, शब्द ताणले जातायत आणि मग राहिलेले शब्द भराभर येतायत असं उत्तर आलं, तर गडबड इंटरनेटमध्ये आहे. बारीक बारीक कट होतायत आणि तुम्हालाही समोरचा तसाच तुटक ऐकू येतोय, तर संशयित ब्लूटूथ. घरघर, फडफड येत असेल तर वारा. वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो आणि मध्येच विहिरीतून बोलल्यासारखं वाटतं, हे काम आवाज "स्वच्छ" करणाऱ्या सॉफ्टवेअरचं. आणि सगळं एकदम गप्प होऊन काही सेकंदांनी आपोआप परत येत असेल, तर बहुतेक वाय-फाय किंवा दुसरं सिम.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: मला त्यांचं ऐकू येतंय का? पुष्कळदा तुम्हाला सगळं लख्ख ऐकू येतं आणि त्यांना तुमचं काहीच पोचत नाही. तुम्ही फोनकडे बघता, दांड्या भरलेल्या असतात, म्हणून तुम्हाला वाटतं की त्यांचंच काहीतरी बिघडलंय. पण त्या दांड्या टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढंच सांगतात. टॉवर कित्येक वॉटच्या ताकदीने बोलतो आणि आपला 4G फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॉटने, म्हणजे एका वॉटच्या पाचव्या भागाने. त्यामुळे तुमच्याकडून जाणारी बाजू बहुतेक वेळा आधी ढासळते. दांड्या बघून भांडू नका.

दारातून बाहेर पडताना

सगळ्यात जास्त कॉल मरतात ते दारापासून सोसायटीच्या गेटपर्यंत. घरात मीटिंगला जॉइन झालात, चपला घातल्या आणि निघालात. फोन अजून घरच्या वाय-फायला चिकटून आहे. जिन्यात एक दांडी उरते, तरी तो सोडत नाही. शेवटी सोडतो तेव्हा मोबाइल डेटावर जातो, तुमचा आयपी पत्ता, म्हणजे फोनचा इंटरनेटवरचा पत्ता, बदलतो आणि मीटिंगच्या ॲपला सर्व्हरपर्यंतची वाट नव्याने शोधावी लागते. ती सापडेपर्यंत सगळं शांत, आणि नेमका तेव्हाच तुम्हाला कोणीतरी प्रश्न विचारलेला असतो.

इलाज अगदी साधा आहे: आधी वाय-फाय बंद करा, मग जॉइन व्हा. घरात डेटाला रेंज कमी असेल तर बाल्कनीत उभं राहून जॉइन व्हा, पण सुरुवात डेटावरच करा.

यात एक मेख आहे. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधलं वाय-फायचं बटण दाबलं की वाय-फाय बंद होत नाही, चालू नेटवर्कपासून फक्त तुटतं. दुसऱ्या जागी गेलात किंवा पहाटेचे पाच वाजले की फोन पुन्हा ओळखीची नेटवर्क शोधायला लागतो. म्हणजे वाटेत ज्या कॅफेचा पासवर्ड कधीतरी टाकला होता, त्याच्यासमोरून जाताना तो तिथे जोडला जाऊ शकतो. खरोखर बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जाऊनच. अँड्रॉइडमध्येही "वाय-फाय आपोआप सुरू करा" असा पर्याय असतो, सेव्ह केलेलं नेटवर्क जवळ आलं की तो वाय-फाय परत चालू करतो. तोही काढून टाका, नाहीतर परतताना गेटमधून आत शिरलात की फोन घरच्या राउटरचा अर्धामेला सिग्नल पकडतो आणि मीटिंगची शेवटची पाच मिनिटं, म्हणजे "तर मग हे कोण करणार?" हा भाग, हवेत जातो.

लिफ्टला इलाज नाही. पत्र्याच्या खोक्यात कुठलंच नेटवर्क टिकत नाही. जिन्याने उतरा, नाहीतरी चालायलाच निघाला आहात.

साध्या फोन कॉललाही हा त्रास होऊ शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एअरटेल आणि जिओ यांनी 2019च्या अखेरीस आणि 2020च्या सुरुवातीला वाय-फाय कॉलिंग आणलं. तेव्हापासून घरातून केलेला कॉल वाय-फायवरूनही जाऊ शकतो. बाहेर पडताना तो 4Gवर सरकतो आणि बहुतेक वेळा नीट सरकतो, पण वाय-फाय अगदी मरायला टेकलं असताना नाही.

फोन कुठल्या खिशात आहे?

हा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण घरात इअरबड उत्तम चालतात आणि मैदानात गेलं की कट कट होतात, या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा खिशातच सापडतं.

ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी. फोन डाव्या मागच्या खिशात आणि माइकवाला इअरबड उजव्या कानात असेल, तर मधे तुम्ही स्वतःच भिंत होऊन उभे आहात. तरी घरात हे का चालतं? कारण खऱ्या भिंती, छत, कपाटं यांच्यावर आपटून लहरी वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मोकळ्या मैदानात आपटायला काहीच नसतं. जागा जितकी मोकळी तितकं ब्लूटूथ वाईट, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच. चालताना मांडी पुढेमागे होते, तशी वाट क्षणभर मोकळी होते आणि पुन्हा बंद होते, म्हणून कटसुद्धा पावलांच्या तालावर येतात. हा ताल ओळखू आला की निदान पक्कं झालं असं समजा.

खिसा बदला. शर्टाचा वरचा खिसा सगळ्यात चांगला. नाहीतर ज्या कानात बोलण्याचा इअरबड आहे त्याच बाजूचा पुढचा खिसा. एकच इअरबड वापरत असाल तर फोनच्या बाजूचा वापरा. बायकांच्या कुर्त्यांना खिसेच नसतात, फोन पर्समध्ये आणि पर्स पाठीवर. ती पुढे घ्या किंवा फोन सरळ हातात धरा. (कपडे शिवणाऱ्यांना खिशांचं महत्त्व कधी कळणार, हा वेगळा विषय.)

ब्लूटूथचाच आणखी एक त्रास म्हणजे घरी उघडा राहिलेला लॅपटॉप. एकाच वेळी दोन उपकरणांना जोडले जाणारे इअरबड असतील, तर तुम्ही आवारात असेपर्यंत ते लॅपटॉपलाही धरून असतात. लॅपटॉपवर एखादं नोटिफिकेशन टिंग वाजतं आणि इअरबड क्षणभर तिकडे पळतात. निघताना लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करा. तीच मीटिंग लॅपटॉपवर चालू ठेवून फोनवरूनही जॉइन झाला असाल तर घुमल्यासारखा जो आवाज येतो, तोही तिथलाच. मीट, झूम आणि टीम्स या तिन्हींत चालू मीटिंग एका उपकरणावरून दुसऱ्यावर हलवायची सोय आहे, ती वापरा.

आणि महागडे इअरबड गाण्यांना झकास पण कॉलला पत्र्यासारखे वाजतात, ही तक्रार घेऊन दुकानात जाऊ नका. गाणी ऐकताना ब्लूटूथ एकाच दिशेने भरपूर माहिती पाठवतं. माइक सुरू झाला की ते दोन्ही दिशांच्या जुन्या पद्धतीवर उतरतं आणि आवाजाचे नमुने सेकंदाला 16,000, कधी कधी फक्त 8,000 घेतले जातात. ही त्या पद्धतीचीच मर्यादा आहे. ती नको असेल तर वायरवाला इअरफोन घ्या. मी अजूनही महत्त्वाच्या कॉलला तोच घेतो. त्याचा माइक मात्र वायरीवर लोंबत असतो आणि कॉलर, जॅकेटची चेन, मंगळसूत्र किंवा गळ्यातलं ऑफिसचं आयडी कार्ड यांच्यावर घासून खरखर करतो. साधा कपड्याचा चिमटा लावून वायर कॉलरला अडकवली की ती थांबते.

वारा, आणि वाऱ्यावरच्या औषधाचा अतिरेक

माइकच्या बारीक भोकावरून हवा गेली की तिथे भोवरे होतात आणि माइकला तो मोठा आवाजच वाटतो. वारा पडलेला असला तरी झपाझप चालण्याने तेवढी हवा तयार होते. बोलायची वेळ आली की वाऱ्याकडे पाठ करा. वायरचा माइक ओढणीच्या किंवा कॉलरच्या आत घ्या, पण कापड घासणार नाही असा.

आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर उपयोगी आहे. आयफोनवर "व्हॉइस आयसोलेशन" आहे आणि आयओएस 16.4पासून ते साध्या फोन कॉललाही चालतं. सॅमसंगच्या काही फोनांत "व्हॉइस फोकस" आहे. मीटिंगच्या ॲपचं स्वतःचं वेगळं असतं, आणि इअरबडचंही. तिन्ही एकदम चालू असले की एकाने गाळलेला आवाज दुसरा पुन्हा गाळतो आणि शेवटी तुमच्या आवाजाचा चोथा उरतो. पहिला शब्द गिळला जातो तो असा. यातला एक थर बंद करून बघा, शक्यतो मीटिंगच्या ॲपमधला, कारण तो शोधायला सोपा असतो.

एक गोष्ट हे सॉफ्टवेअर सहसा गाळत नाही: दुसऱ्या माणसांचं बोलणं. बाकावर बसलेल्या आजोबांची पेन्शनची चर्चा तुमच्या क्लायंटला व्यवस्थित ऐकू जाते. उलट तुमचं बोलणंही आजोबांना ऐकू जातं. ग्राहकांची नावं, पगाराचे आकडे, कोणाला काढायचं याची चर्चा ट्रॅकवर करू नका. तिथे तुमच्याच कंपनीतली आणखी चार माणसं चालत असतात.

मध्येच सगळं गप्प: दुसरं सिम

आपल्याकडे दोन सिम ही रीतच झाली आहे. एक जुना नंबर बँकेसाठी आणि दुसरा डेटासाठी. बहुतेक फोनांत दोन्ही सिम मिळून रेडिओ एकच वापरतात. त्यामुळे डेटा सिम एकवर चालू असताना सिम दोनवर कॉल आला की डेटा थांबू शकतो. तुम्ही फोन उचललाही नाही, नुसती रिंग वाजली, तरी मीटिंगमध्ये तुम्ही गप्प. आणि तो फोन असतो "कर्ज हवंय का, सर?" वाल्यांचा.

आयफोनवर सेल्युलर डेटाच्या सेटिंगमध्ये "अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग" आहे. अँड्रॉइडवर साधारण "कॉल चालू असताना डेटा" अशा अर्थाचा पर्याय सिमच्या सेटिंगमध्ये सापडतो. तो चालू करा. त्यावरही भरवसा नसेल तर फिरायला जाताना दुसरं सिम सेटिंगमधून तात्पुरतं बंद करा, हा हमखास उपाय आहे. बँकेचे मेसेज तासाभराने आले तरी चालतात.

जाहिरातींचे कॉल कमी करायचे तर 1909 या नंबरवर START 0 असा एसएमएस पाठवा. नोंदणी करून जाहिरात करणाऱ्यांचे कॉल 140ने सुरू होतात, ते त्याने आटोक्यात येतात. साध्या दहा आकडी नंबरवरून पिडणाऱ्यांना त्याचा फरक पडत नाही, त्यांना फोनमध्येच ब्लॉक करावं लागतं.

खिशात गेल्यावर मीटिंग बंद पडते

याची दोन वेगळी कारणं आहेत, गल्लत करू नका.

मीटिंगचं ॲप स्क्रीन जागी ठेवतं. तशीच खिशात सारली की मांडीचा, घामाचा, चिल्लरचा स्पर्श लागून म्यूट उघडतं किंवा लाल बटण दाबलं जातं. खिशात टाकण्याआधी बाजूचं बटण दाबून स्क्रीन लॉक करा, आवाज चालू राहतो. फक्त साध्या फोन कॉलमध्ये तेच बटण कॉल कापू शकतं. त्यासाठी आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी, टच, "प्रिव्हेंट लॉक टू एंड कॉल" चालू करा. अँड्रॉइडवर "पॉवर बटणाने कॉल संपवा" असेल ते बंद करा.

स्क्रीन लॉक झाल्यावर काही मिनिटांनी आपोआप बाहेर फेकलं जात असेल तर कारण बॅटरी वाचवणारी यंत्रणा. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या फोनांत ती जरा जास्तच कर्तव्यदक्ष असते. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीखाली "निर्बंध नाहीत" निवडा. ऐन मीटिंगमध्ये बॅटरी सेव्हर चालू होणार नाही एवढा चार्जही ठेवा.

एप्रिल-मेमध्ये दुपारचा कॉल उन्हात घेऊ नका, फोनसाठीसुद्धा. ॲपल आयफोनसाठी 35 अंशांपर्यंतचं हवामान सांगतं. नागपूर-चंद्रपूरकडे तो आकडा सकाळीच ओलांडला जातो. तापलेला फोन आधी स्क्रीन अंधुक करतो, मग वेग कमी करतो.

आता रेंज

वरचं सगळं तपासून झालं आणि आवाज रोबोटसारखाच येत असेल, तर खरंच नेटवर्क.

आधी डेटा वाचवा. फक्त आवाजाला सेकंदाला 60-80 किलोबिट पुरतात, म्हणजे तासाला साधारण 27 ते 36 एमबी. व्हिडिओ लागला की तेच काही शे एमबीवर जातं. स्वतःचा कॅमेरा सगळेच बंद करतात, पण समोरच्यांचे व्हिडिओ येत राहतात. तेही बंद करायचे. मीटमध्ये "ऑन द गो" मोड आहे, टीम्समध्ये "येणारा व्हिडिओ बंद" आहे, झूममध्ये गाडी चालवणाऱ्यांसाठीचा मोड आहे, तोच वापरा.

पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या उंच जागी गंमत होते. वर दांड्या पूर्ण, तरी आवाज फुटतो. टॉवरचे अँटेना खालच्या वस्तीकडे झुकवलेले असतात आणि वरून मात्र फोनला चारी दिशांचे पाच-सहा टॉवर एकदम दिसतात. कोणीच ठळकपणे जवळचा नसल्याने तो सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. उतारावर एका बाजूला आलात की बाकीचे टॉवर टेकडीआड जातात आणि कॉल स्थिर होतो. 5Gच्या हद्दीवरही अशाच उड्या चालतात. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तासाभरासाठी 4G निवडा. बोलण्याला 5Gच्या वेगाचा काही उपयोग नाही.

धापेबद्दल फार लिहीत नाही. चढावर म्यूट राहा, सपाटीला बोला. गाता येत नाही पण सलग वाक्य बोलता येतं, तोच वेग चालत कॉल घेण्याचा.

कारण पकडायचंच असेल तर रविवारी चाचणी घ्या. लॅपटॉपवर एकट्याचीच मीटिंग सुरू करून तिथे रेकॉर्डिंग लावा आणि लॅपटॉपचा माइक बंद ठेवा. मग फोनवरून जॉइन होऊन नेहमीच्या वाटेने चाला आणि तोंडाने जागा सांगत राहा, "गेट, मंदिर, पाण्याची टाकी." घरी येऊन ऐका. प्रत्येक फेरीला टाकीपाशीच आवाज जात असेल तर ती रेंज. जागा बदलत असेल तर पुन्हा खिशाकडे आणि वाय-फायकडे वळा.

टाकीपाशी खरंच खड्डा निघाला, तर नंबर फिरवून जॉइन व्हायची सोय कंपनीने घेतली आहे का ते विचारा. 4Gवरच्या साध्या फोन कॉलला नेटवर्क वेगळी, राखीव वाट देतं. मीटिंगच्या ॲपचं बोलणं मात्र लोकांच्या रील्स आणि क्रिकेटच्या गर्दीतूनच जातं. म्हणून जिथे मीट गुदमरतं तिथे साधा कॉल तगतो. ती सोय नसेल तर टीममधल्या कोणाला तरी सांगून ठेवा, "माझा आवाज गेला तर सरळ फोन लाव आणि स्पीकरवर टाक."